टाळीच्या पुढची ओळ

डिंडोलीच्या चार रस्त्यावर मी माझ्या नवऱ्याचं नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहिलं, आणि ते श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर होतं. गेला होता तो मात्र गजेंद्र धुडकू बोरसे. काळा गॉगल, उघड्या बटणांचा शर्ट, एक पाय मोटारसायकलवर. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल मित्रमंडळाची लांबलचक नावं, आणि मधोमध, दिव्याच्या चित्राशेजारी, दोन ओळी:

यांना कुठेच पोचायचं नाही,
म्हणून यांना उशीर होत नाही.
– कवी जयंत वाकणकर

मी भरताची वांगी घ्यायला गेले होते. सुरतेत भरताची वांगी घ्यावीत ती डिंडोलीतच, इथे अर्धा खानदेश राहतो. पिशवी हातात तशीच राहिली आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी. एक रिक्षावाला गुजरातीत ओरडून गेला तेव्हा बाजूला झाले. गजेंद्र माझा विद्यार्थी होता. उधन्याच्या मराठी शाळेत पाचवीपासून माझ्या हाताखाली होता. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. शाळा सुटल्यावर आई न्यायला येईपर्यंत तो माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालायचा आणि माझ्या डब्यातलं लोणचं मागून खायचा. त्याचा असा फोटो बघायला मी तिथे उभी होते, आणि खाली माझ्या घरातल्या माणसाचं नाव.

आता हे नाव तिथे कसं गेलं ते सांगते.

जयंत बँकेतून निवृत्त झाला आणि कवी झाला. आधीपासूनच कवी होतो असं तो म्हणतो, पण तेव्हा बँक आड यायची. मला त्याचा त्रास नव्हता. पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग सांभाळलेल्या बाईला घरात एक कवी सांभाळणं जड जात नाही. ही कविता मात्र त्याला रागातून सुचली. उधन्याच्या पुलाखाली तीन पोरं एकाच गाडीवरून त्याच्या कोपराला घासून गेली आणि हातातली दुधाची पिशवी फुटली. ओला शर्ट न बदलता तो लिहायला बसला. द्यायच्या होत्या शिव्या. पण कवी माणसाचं असंच असतं, शिवी द्यायला बसला तरी ती नटूनथटून बाहेर येते. लिहून झाल्यावर त्याने मला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवली:

ही पोरं रस्ता पेटवत जातात
मागच्या सीटवर वारा बसवून.
सिग्नलचा लाल डोळा
यांना बघून आधी आपणच मिटतो.
यांच्या मागे धावून
यांच्या सावल्यांना धाप लागते.
यांना कुठेच पोचायचं नाही,
म्हणून यांना उशीर होत नाही.
आणि घरी कुणीतरी ताट झाकून बसलंय.

कविता मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट खटकली. यातल्या पोरांच्या गाडीची चेन कधी उतरत नाही. त्यांना पेट्रोल भरावं लागत नाही, सकाळी कामावर जावं लागत नाही, अंगाला घाम येत नाही. नुसता जाळ आणि वारा. हल्ली तरुणांवरच्या बहुतेक कविता अशाच असतात, पोरं दिसतच नाहीत, प्रतिमा दिसतात. शेवटच्या ओळीला मात्र माझा हात कणकेत थांबला. ती ओळ आमच्या घरची होती. सौरभ, आमचा मुलगा, कॉलेजात असताना गाडी पळवायला डुमसकडे जायचा, आणि मी त्याचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून, दाराकडे तोंड करून बसायचे. जयंतने तेव्हा कधी माझ्याकडे पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पाहिलं होतं म्हणायचं. आता सौरभ हैदराबादला नोकरी करतो, गाडीत बसल्या बसल्या पट्टा लावतो आणि फोनवर मलाच रस्त्याने जपून चालायला सांगतो.

त्या वर्षीच्या मराठी भाषा दिनाला आमच्या मराठी मंडळाने कविसंमेलन ठेवलं. आमच्या मंडळात कवी भरपूर, ऐकणारे नाहीत. हॉल रिकामा दिसू नये म्हणून सेक्रेटरींनी डिंडोलीच्या गणेश मंडळाला निरोप धाडला की पोरं पाठवा, नंतर श्रीखंड-पुरी आहे. पोरं आली. मागच्या रांगांत बसून मोबाइल बघत होती. त्यांच्यात गजेंद्र होता, मला पाहून लाजत लाजत पाया पडून गेला. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला लागलो म्हणाला. नखांत निळा रंग बसलेला. सोबत त्याचा मित्र वैभव, हातात सदैव फोन धरलेला.

जयंतच्या आधी एका गृहस्थांनी तापी नदीवर एवढी लांब कविता वाचली की तापीसुद्धा एवढी लांब नसेल. मग जयंत उभा राहिला. ‘मागच्या सीटवर वारा’ ऐकताच मागच्या रांगांतले मोबाइल खाली गेले. ‘उशीर होत नाही’ला शिट्ट्या आल्या, सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. जयंतला आयुष्यात अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या जरा ओसरल्यावर त्याने शेवटची ओळ म्हटली. ताट शब्द ऐकून मागून कुणीतरी विचारलं, जेवण लागलं का. हॉल हसला. श्रीखंड-पुरीची वेळ झालीच होती, त्या पोराची काही चूक नव्हती.

घरी येताना रिक्षात जयंत म्हणाला, शेवटची ओळ काढून टाकतो. मी विचारलं, का?

"हॉल पडतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, बाकीच्या सगळ्या ओळी गाड्यांबद्दल आहेत, पोरांबद्दल ती एकच आहे. त्यावर त्याने मला कवितेचा शेवट कुठे करावा हे समजावून सांगितलं. टाळी पडते तिथे थांबावं, त्याच्या पुढे गेलं की कविता घसरते. स्टेजवरचे सगळे कवी असंच करतात म्हणे. तुला त्यातलं कळत नाही, अलका, असंही म्हणाला. पुढचा आठवडाभर मी त्याला कोबीची भाजी वाढली.

पुढे गणपतीत डिंडोलीच्या पोरांनी त्याला स्वतःहून बोलावलं. हार घातला. गजेंद्रने हाताला धरून स्टेजवर चढवलं. जयंतने कविता म्हटली आणि टाळीच्या ओळीवर थांबला. वैभवने ते सगळं फोनवर घेतलं. मग जयंतचा तो आवाज पोरांच्या रीलमध्ये गेला. पलसाण्याच्या हायवेवर गाड्या पळताहेत, कुणी सीटवर उभं राहिलंय, कुणी हात सोडलेत, आणि वरून माझ्या नवऱ्याचा भारदस्त आवाज, ही पोरं रस्ता पेटवत जातात. गजेंद्रने तर गाडीच्या मागे रेडियमच्या अक्षरांत लिहून घेतलं, मागे वारा बसलाय.

कवितेतली शिवी त्यांना ऐकूच गेली नव्हती. त्यांना वाटलं, कुणीतरी शेवटी आपल्यावर लिहिलं. दिवसभर वाफेत उभं राहून साड्यांना रंग देणारी पोरं, त्यांना घरचे नालायक म्हणतात, मालक नावानेही ओळखत नाही, आणि इथे एक म्हातारा साहेब म्हणतो की तुम्हाला बघून सिग्नल डोळे मिटतो. मीही त्यांच्या जागी असते तर गाडीवर लिहून घेतलं असतं. आणि जयंत? तो खूश होता. पेपरवाल्याला, वॉचमनला, सगळ्यांना रील दाखवायचा. मी एकदा म्हटलं, अरे, तू त्यांना झोडपायला लिहिलं होतंस ना. तो म्हणाला, कविता एकदा लोकांची झाली की ती कवीची राहत नाही. हे वाक्य त्याने बरेच दिवस तयार ठेवलेलं असणार.

दिवाळीत गजेंद्र आमच्याकडे फराळाला आला होता. हेल्मेट कुठंय, विचारलं तर कोपराला अडकवलेलं दाखवलं. "हाई काय, बाई, शे ना," म्हणाला आणि हसला. सगळा फराळ सोडून त्याने माझ्याकडे लोणचं मागितलं. मी बरणीच दिली. तेव्हा मी त्याला शेवटचं पाहिलं.

होळीच्या आसपास पहिली पाळी संपवून ते परतत होते. उन्हं उतरलेली. गजेंद्र पुढे, दोन्ही हात पसरलेले. वैभव दुसऱ्या गाडीवर मागे बसून रेकॉर्डिंग करत होता, स्पीकरवर जयंतचा आवाज. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. वैभवची गाडी घसरली आणि त्याचा हात मोडला. गजेंद्र दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. हे सगळं मला फ्लेक्सखालच्या पानवाल्याने सांगितलं.

मी वांगी न घेताच घरी आले. जयंतला सांगितलं. फ्लेक्सवर काय छापलंय तेही सांगितलं. तो म्हणाला, माझं नाव आहे का त्यावर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर आलेलं बोलणार तेवढ्यात त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला तिथे आपलं नाव नको होतं. हो, आहे, मी म्हटलं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मी आग्रह केला नाही.

पुढच्याच आठवड्यात उषाबाई आल्या, गजेंद्रची आई. बेल वाजली, दार उघडलं तर त्या जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या. घरात या म्हटलं तर मान हलवली.

"मी सुतकमा शे, बाई. घरमा नही येस."

पाणीही घेतलं नाही. मी उंबऱ्याच्या आत, त्या बाहेर, असं आमचं बोलणं झालं. जयंत माझ्या मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ही बाई त्याला शाप देईल. दिला असता तर मी मध्ये पडले नसते. पण त्या त्याला पाहून पदर सावरून नीट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की गजूला सरांची कविता पाठ होती, आंघोळ करतानासुद्धा म्हणायचा. मोठ्या कौतुकाने म्हणाल्या. जयंतने दाराची चौकट धरली.

मग येण्याचं कारण सांगितलं. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटून घरच्यांच्या कपाळाला पुन्हा गंध लागतो त्या दिवशी, गजेंद्रचे मित्र राइड काढणार होते. मांडवापासून गजेंद्र पडला त्या जागेपर्यंत सगळ्या गाड्या, पुढे स्पीकरवर सरांची कविता, हात सोडून. गजूभाईसाठी. धुडकूभाऊंनी, गजेंद्रच्या वडिलांनी, नको म्हणून पाहिलं. पोरं त्यांच्या पाया पडली आणि टी-शर्ट छापायला टाकून आली.

"त्या पोरे मनं ऐकतस नही," उषाबाई म्हणाल्या. "सरनं ऐकतीन. सर, तुम्ही सांगा त्यासले. मना एक गया. आखो कोनी नको जावाले."

जयंत हो म्हणाला. उषाबाई जिना उतरून गेल्या, आणि त्या टेकल्या होत्या त्या कठड्यावर त्यांच्या हाताला लागलेली साडीवरची चमकी राहिली. घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं काम त्या सुतकातही करत असणार. पोट कुठे सुतक पाळतं.

जयंत त्याच दिवशी नवी कविता लिहायला बसला. पोरांना थांबवणारी. पहिल्या कागदावर काळ्या डांबरावर विझलेला दिवा होता. दुसऱ्यावर पंख जळालेला पक्षी. तिसऱ्यावर रस्ता नावाची नागीण. मी एकेक वाचून परत देत होते. शेवटी म्हटलं, हा दिवा कोण, हा पक्षी कोण, यात गजेंद्र कुठे आहे? ही पण रीलमध्ये लावतील ते, आणि जास्तच छान दिसेल. त्याला लोणचं लागायचं ते लिही. त्याच्या नखांत निळा रंग होता तो लिही.

"त्याची कविता होत नाही, अलका."

मग करू नकोस, मी म्हटलं, आणि पोळ्या करायला आत गेले. खूप चिडले होते मी. त्याच्यावर, पोरांवर, त्या ट्रकवर, त्या सगळ्या सुंदर शब्दांवर. थोड्या वेळाने तो दारात आला. हातात कागद नव्हता. एवढंसं तोंड करून विचारलं, ती शेवटची ओळ काय होती गं? ती ताटाची?

विसरला होता. इतक्या वेळा ती ओळ सोडून कविता म्हटली होती की त्याला ती आठवेना. मी सांगितली. त्याने ती माझ्या मागून दोनदा म्हटली, शाळेतल्या पोरासारखी, आणि तिथेच ओट्याला टेकून रडला. मी गॅस बंद केला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

गंधमुक्तीला डिंडोलीच्या त्या गल्लीत मांडव घातला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. गजेंद्रच्या मामांनी धुडकूभाऊंच्या कपाळाला गंध लावलं, डोक्यावर टोपी ठेवली. धुडकूभाऊ मिलमध्ये आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम केलेले, त्यांना धड ऐकू येत नाही. कोण काय बोलतंय ते तोंडाकडे बघून समजून घेत होते. गल्लीच्या तोंडाशी गाड्या रांगेने लावलेल्या, सगळ्यात पुढच्या गाडीवर स्पीकर बांधलेला. पोरं काळ्या टी-शर्टमध्ये. पाठीवर गजेंद्रचा चेहरा आणि खाली, मागे वारा बसलाय. वैभवचा हात गळ्यात बांधलेला. तो कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता.

जयंतला माइक दिला तसे सगळे फोन वर झाले. त्याने कविता सुरू केली. दुसऱ्या ओळीपासून पोरं बरोबरीने म्हणायला लागली, सगळ्यांना पाठ. सिग्नलचा डोळा, धापा टाकणाऱ्या सावल्या, एकेक ओळ गल्लीभर घुमत होती आणि माझ्या अंगावर काटा येत होता. नंतर लाज वाटली, पण खरं सांगते, ऐकायला ती फार चांगली वाटत होती. ‘उशीर होत नाही’ला टाळ्या वाजल्या. गंधमुक्तीच्या मांडवात टाळ्या. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

जयंत थांबला. टाळ्या पूर्ण थांबू दिल्या. मग म्हणाला, कविता इथे संपत नाही, शेवटची ओळ मी तुमच्यापासून लपवून ठेवली होती. आणि ती ओळ म्हटली.

"आणि घरी कुणीतरी ताट झाकून बसलंय."

कुणी हसलं नाही. कुणाला कळेना की पुढे आणखी आहे की संपली. काही फोन अजून वरच होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने उषाबाईंचा आवाज आला, अगदी साधा, बोलल्यासारखा.

"झाकेल व्हतं, सर. सकायपावत झाकेल व्हतं."

पोस्टमॉर्टेम होऊन तो सकाळी घरी आला होता. तोवर त्यांनी ते ताट उघडलं नव्हतं. मला तिथे बसवेना. जयंतने माइकवर एवढंच म्हटलं की पोरांनो, जाऊ नका, आणि हात जोडले. माइक त्या जोडलेल्या हातांतच होता, त्यामुळे स्पीकरमधून नुसती खरखर येत राहिली. एका माणसाने पुढे होऊन तो काढून घेतला.

ते ऐकून पोरं थांबली असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती गल्लीच्या तोंडाशी घोळका करून उभी राहिली, आपसात गुजराती-हिंदीत बोलत होती. वैभवने जाऊन गाडीवरचा स्पीकर एका हाताने सोडवला आणि मांडवात आणून ठेवला. मला वाटलं, झालं. मग कुणीतरी गाडी सुरू केली, मग दुसऱ्याने. गजूभाईला शब्द दिला होता म्हणे. वैभवही शेवटी एकाच्या मागे बसला, कवितेत जिथे वारा बसतो तिथे. गाड्या गेल्या. आवाज बराच वेळ येत राहिला.

जयंत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. लोकांनी पंगती मांडल्या, वरण-बट्टी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. कार्य कुणासाठी थांबत नाही. उषाबाई जेवायला बसल्या नाहीत. त्या घरात गेल्या आणि स्टीलची ताटं घेऊन आल्या. घरची पुरली नाहीत तर शेजारणीकडून मागून आणली. मांडवाच्या कडेला सतरंजीवर ती ओळीने मांडली, प्रत्येकात बट्टी, वरण, भाजी वाढली आणि प्रत्येकावर दुसरं ताट पालथं घातलं. मी वरणाची बादली हातात घेतली आणि त्यांच्या मागून वाढत गेले. धुडकूभाऊ जवळ येऊन राहू दे म्हणाले. उषाबाईंनी ऐकलं नाही. सगळी ताटं झाकून झाल्यावर त्या आत जाऊन पुन्हा आल्या, काहीतरी राहिलं असेल, आणि मग त्या ओळीसमोर मांडी घालून, गल्लीच्या तोंडाकडे बघत बसल्या.

पंगती उठल्या. पाहुण्यांनी निरोप घेतले. मांडवाची सावली समोरच्या भिंतीवर चढली. हायवेच्या बाजूने ॲम्ब्युलन्सचा आवाज आला तेव्हा उषाबाईंनी माझा हात धरला, आणि तो लांब जाऊन विरला तरी सोडला नाही. जयंत खुर्ची ओढून आमच्याजवळ येऊन बसला होता. त्याचे ओठ हलत होते. कविता म्हणत नव्हता, देवाचं काहीतरी म्हणत होता. हा माणूस देव मानत नाही.

मग गाड्या आल्या. एकदम नाही, एकेक, हळू. गल्लीत शिरताना पोरांनी इंजिन बंद करून गाड्या ढकलत आणल्या. समोर ताटांची ओळ दिसली तशी पहिला जो होता तो जागीच उभा राहिला. उषाबाईंनी पहिल्या ताटावरचं ताट काढलं आणि हाताने बसायची खूण केली. तो बसला. मग दुसरा आला, त्याचं ताट उघडलं. बट्ट्या पार गार झाल्या होत्या. पोरं खाली मान घालून खात होती, एकाच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. वैभव शेवटी आला. त्याला एका हाताने बट्टी कुस्करता येईना, तर उषाबाईंनी ती कुस्करून दिली, वर वरण ओतलं आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला. तेव्हा तो पोरगा जो रडायला लागला तो थांबेना.

सगळे आले. जयंतने डोळे पुसले आणि सुटकेचा निःश्वास टाकला, मीही टाकला. आणि मग मला ओळीच्या टोकाला एक ताट अजून झाकलेलं दिसलं.

कोण राहिलं? मी पोरांवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. वैभवला विचारलं, सगळे आलात ना? त्याने तोंडात घास तसाच ठेवून मान हलवली. चुकून जास्त वाढलं असेल, असं म्हणत मी वाकून वरचं ताट उचललं. बट्टी, वरण, गंगाफळाची भाजी. आणि कडेला लोणच्याची मोठी फोड. पंगतीत लोणचं नव्हतं.

"राहू द्या, बाई," उषाबाई म्हणाल्या. "त्याले उशीर व्हस."

मी ते ताट होतं तसं झाकून ठेवलं.